येथे लॉक तोडून मिळेल

नांदेडच्या वजिराबादेत जा किंवा लातूरच्या गंजगोलाईत, मोबाइलच्या दुकानावरची पाटी नीट वाचली तर रिचार्ज, कव्हर आणि स्क्रीन गार्ड यांच्या रांगेत, तितक्याच निरागस अक्षरांत, 'सर्व प्रकारचे लॉक तोडून मिळतील' अशी एक ओळ सापडते. कुलूप तोडून देण्याची उघड जाहिरात करणारा हा बहुधा एकमेव धंदा असावा. घरांच्या बाबतीत अशी पाटी कुणी लावली तर पोलीस आधी पाटी उचलतील आणि मग पाटीवाला. इथे मात्र शेजारच्या चहावाल्यापासून समोरून जाणाऱ्या हवालदारापर्यंत कुणालाच काही वावगं वाटत नाही, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. कारण लॉक तोडायला दुकानाची पायरी चढणारा माणूस सहसा चोर नसतो, तो त्या फोनचा मालक असतो. संगणकावर चालणारी जी कुलूपतोडी सॉफ्टवेअरं आज जगभर विकली जातात, त्यांचा सगळा बाजार स्वतःच्याच फोनच्या बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या सज्जन माणसावर चालतो. हा माणूस विसरभोळा असतो, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. विसरायला आधी किल्ली हातात यावी लागते, आणि आपल्याकडे ती मालकाच्या हातात फारशी आलेलीच नसते.

फोनची खरेदी कशी होते ते पाहिलं म्हणजे हे पटेल. मामा पैसे मोजतात, सोबत आलेला भाचा रंग ठरवतो, आणि काउंटरमागचं पोरगं फोन सुरू करता करता विचारतं, "मामा, जीमेल आहे का?" मामा भाच्याकडे बघतात, भाचा छताकडे. "राहू द्या, मी काढून देतो," असं म्हणून पोरगं दीड मिनिटात मामांचं नाव, आडनाव आणि दोन-चार आकडे जोडून खातं उघडतं, आणि पासवर्ड म्हणून मामांच्याच नावापुढे 'अॅट एक दोन तीन' ठोकून देतं. त्या वेळी मामांचं सगळं लक्ष स्क्रीनवरचा प्लास्टिकचा कागद कोण सोलतंय याकडे असतं. पेढे आणले जातात, फोनला हळदकुंकू लागतं, आणि मामांच्या पुढच्या सगळ्या डिजिटल आयुष्याची किल्ली काउंटरमागच्या पोराच्या डोक्यात राहते. तिथेही ती पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंतच राहते. पोरगं पुढे पुण्याला कामाला जातं. किल्ली त्याच्याबरोबर हडपसरला गेली, एवढं जरी नक्की कळलं असतं तरी निरोप धाडता आला असता.

ही किल्ली लागते कधी, तर फोन पूर्ण पुसल्यावर. पूर्वी पॅटर्न विसरला की दोन-तीन बटणं एकदम दाबून फोन कोरा करायचा आणि नव्याने संसार मांडायचा, अशी सोय होती. चोरालाही तीच सोय होती. म्हणून अॅपलने २०१३ मध्ये आणि गूगलने २०१५ साली अँड्रॉइड ५.१ बरोबर नवा बंदोबस्त केला. फोन बाहेरून पुसला, तरी उघडताना तो आधीचंच खातं आणि पासवर्ड मागणार. दुकानदार याला 'एफआरपी' म्हणतात. उसाच्या भावाच्या एफआरपीशी याचा संबंध नाही, पण ती मिळवतानाही मालकाचे असेच हाल होतात. बंदोबस्त हुशारीचा आहे, यात शंका नाही. फक्त त्याच्या मुळाशी एक समजूत आहे: मालकाला स्वतःचं खातं ठाऊक असतं आणि चोराला नसतं. ही समजूत कॅलिफोर्नियात खपून गेली. कंधार-अहमदपूरकडे आल्यावर मालक आणि चोर या दोघांत फोनच्या दृष्टीने काही फरकच उरला नाही. दोघांनाही खातं माहीत नसतं, आणि पोलीस तक्रारीची भीती वगळली तर दोघांच्या चेहऱ्यावरचा भावही एकच असतो.

आता कोणी म्हणेल, खात्याचं सोडा, निदान पॅटर्न आणि पिन तरी मालकाने स्वतः ठरवलेला असतो. असतो ना! आणि तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. नऊ ठिपक्यांच्या त्या चौकटीत ३,८९,११२ निरनिराळे पॅटर्न काढता येतात. पण २०१५ मध्ये मार्ते ल्योगे या नॉर्वेतल्या विद्यार्थिनीने सुमारे चार हजार पॅटर्न गोळा करून पाहिले, तेव्हा ४४ टक्के लोक डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि दहातला एखादा तर चक्क इंग्रजी अक्षरच काढतो, असं दिसलं. पिनचं त्याहून सोपं. चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता असताना, निक बेरी यांनी २०१२ मध्ये फुटलेल्या पासवर्डांचा अभ्यास केला, त्यात सुमारे ११ टक्के लोकांनी १२३४ वरच समाधान मानलेलं होतं. आपल्या भागात कल्पकता थोडी जास्त आहे. इथे पिन म्हणून बुलेटचा नंबर ठेवतात. तो एमएच २४ किंवा एमएच २६ च्या पुढे, ठळक, कधी सोनेरी अक्षरांत, घरासमोर दिवसरात्र लावलेला असतो. शिवाय बोटांचीही साक्ष असतेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की काचेवर उरलेला बोटांचा तेलकट माग नीट उजेडात पाहिला तर ६८ टक्के वेळा पूर्ण पॅटर्न वाचता येतो. अमेरिकन बोटांना तेल असून असून किती असणार! शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं तेल घेऊन भाकरी मोडता मोडता ज्यानं व्हॉट्सअॅप उघडलं, त्याचा पॅटर्न खिडकीकडे फोन तिरपा धरला की नकाशासारखा दिसतो. तिखटही दिसतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण घरातला फोन हा एकट्याचा नसतो. पीएम किसानचा ओटीपी त्यावर येतो, ई-पीक पाहणी त्यावर होते, आईच्या 'लाडकी बहीण' योजनेची केवायसी त्याच नंबरवर अडलेली असते, आणि संध्याकाळी तो नातवाच्या ताब्यात जातो. नातू गेममध्ये आजोबांची लुडबुड नको म्हणून पॅटर्न बदलतो, झोपतो, आणि सकाळी उठून खरोखर विसरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं वय विसरण्याचं आहे आणि आजोबांचं विसरलं असं समजून घेण्याचं. बोटाचा ठसा हा उपाय दुकानदार सुचवतात. पण कापूस वेचून आणि सोयाबीन काढून ज्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्यांना रेशनच्या दुकानातलं मशीन ओळखत नाही, तिथे फोन काय ओळखणार? चेहऱ्याचं म्हणाल तर मे महिन्यात नांदेडच्या रस्त्यावर कुणाचाही चेहरा दिसत नाही. रुमालात गुंडाळलेल्या दोन डोळ्यांवरून बायको नवऱ्याला ओळखते, ते तिच्या संसाराच्या अनुभवावरून. फोनला तेवढा अनुभव नसतो.

अशा वेळी ते सॉफ्टवेअर पुढे येतं. त्याची जाहिरात मोठी धीर देणारी असते: पाच मिनिटांत, एका क्लिकमध्ये, तांत्रिक ज्ञानाची गरज नाही. ते संगणकावर उतरवून घेतलं की बऱ्याचदा पहिली सूचना येते ती 'अँटीव्हायरस बंद करा' अशी. घरात शिरणाऱ्या कारागिराने आधी कुत्रं बांधा म्हणावं, हे समजू शकतं. पण कुत्रं त्याच्यावरच का भुंकतंय हे कुणी विचारत नाही. मग ड्रायव्हर टाकायचा, मग केबल लावायची, आणि केबल चार्जिंगची असून डाटाची नाही हे अर्ध्या तासाने कळतं. मग सॉफ्टवेअर फोन ओळखतं, हिरवी पट्टी सरकू लागते, आणि 'तुमचा फोन उघडता येईल' असं आश्वासन देऊन पुढच्या पायरीसाठी लायसन्सचे पैसे मागतं. म्हणजे कुलूप तोडणाऱ्यालाच कुलूप! आपला माणूस पैसे भरत नाही. तो त्या सॉफ्टवेअरचा क्रॅक शोधतो, क्रॅकची फाइल पुन्हा पासवर्ड मागते, आणि मूळ प्रश्न चार आकड्यांचा होता हे तोपर्यंत सगळे विसरलेले असतात. धंदेवाईक दुकानदारांकडे याची मोठी भावंडं असतात, त्यांना 'बॉक्स' किंवा 'टूल' म्हणतात. त्यातली काही डोंगलशिवाय चालत नाहीत, काही महिन्यांच्या भाड्याने मिळतात. त्यांच्या कंपन्यांनी आपला माल कुणी फुकट वापरू नये म्हणून घेतलेली काळजी पाहिली, तर कुलुपावर जगात सर्वात जास्त विश्वास कुलूप तोडणाऱ्यांचाच आहे, असं म्हणावं लागतं.

आणि एवढं करून ते सॉफ्टवेअर करतं काय? बहुतेक वेळा फोन पुसतं. याबद्दल त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये पॅटर्नची खूण एका छोट्या फाइलमध्ये असायची. जाणकार माणूस तेवढी फाइल उडवायचा आणि फोन गुपचूप उघडायचा. पिनच्या बाबतीतही पाच चुकांनंतर तीस सेकंद थांबा, एवढीच शिक्षा होती. हिशोब केला तर दहा हजार पिन तपासायला थांबण्याचाच वेळ १६ तास ४० मिनिटं होतो. लातूरला 'नीट'साठी रिपीट करणाऱ्या लेकराच्या दृष्टीने हा एका दिवसाचा अभ्यास. अभ्यासाचा 'लातूर पॅटर्न' ज्या शहराने घडवला, त्याला नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नचं काय कौतुक! पण पुढे फोनवाल्यांनी थांबण्याचा वेळ वाढवत नेला. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फायलीफायलींना वेगळं कुलूप घालायची सोय आली, आणि २०१९ पासून नव्या फोनांना ती सक्तीची झाली. आता आतला मजकूर पिनशिवाय नुसता अगम्य आकड्यांचा ढीग असतो. दरवाजा उखडला तरी आत वाचण्यासारखं काही सापडत नाही. म्हणून 'लॉक तोडणे' याचा आजचा अर्थ घर रिकामं करून देणे असा आहे. दुकानदार हे प्रामाणिकपणे सांगतोही. "मामा, सॉफ्टवेअर मारावं लागंल. डाटा उडंल बरं का." "डाटा म्हंजी?" "फोटो, नंबर, व्हिडिओ, सगळं." मामा जरा विचार करतात. "नातवाचा फोटो तेवढा ठेव, बाकीचं उडव."

पुसून झालं की एफआरपी पुन्हा जीमेल मागत उभी राहतेच. इथे मात्र दुकानदारांनी वर्षानुवर्षं जी बुद्धी खर्च केली ती पाहून कुणालाही आदर वाटेल. अंध लोकांना फोन वापरता यावा म्हणून दिलेल्या बोलक्या सुविधेतून, मदतीच्या पानावरून, कीबोर्डच्या सेटिंगातून, असा कुठून कुठून आत शिरायचा रस्ता त्यांनी शोधला. गूगलने एक फट बुजवली की आठवड्याभरात दुसरी. अँड्रॉइड १५ ने २०२४ मध्ये या पळवाटांवर बरंच पाणी फिरवलं. तरीही नांदेडात जमलं नाही तर "हैदराबादला पाठवतो" हे शेवटचं अस्त्र असतंच. निजामाच्या राजवटीतून आपण १९४८ साली सुटलो, पण बोर्डाचं काम असेल तर अजून आबिड्सच्या जगदीश मार्केटातच जावं लागतं.

मालकच बाहेर राहतो ही फक्त मागासलेल्या भागाची रड आहे, असा आक्षेप येऊ शकतो. त्यावर उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाचंच उदाहरण पुरेल. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनो इथे १४ जणांची हत्या झाली. मारेकऱ्याचा एक आयफोन ५सी एफबीआयच्या हाती लागला. तो बंद होता, आणि दहा चुकांनंतर मजकूर पुसला जाण्याची भीती होती. एफबीआयने अॅपलला न्यायालयात खेचलं, सगळ्या जगात खासगीपणावर वाद झाला, आणि मार्च २०१६ मध्ये बाहेरच्या कुणा तज्ज्ञाकडून पैसे देऊन तो फोन उघडून घेतला. म्हणजे जगातल्या बलाढ्य पोलीस यंत्रणेनेही शेवटी तेच केलं, जे वजिराबादेत करतात. पण खरी गंमत पुढे आहे. तो फोन मारेकऱ्याच्या मालकीचा नव्हताच. तो तिथल्या स्थानिक सरकारी कचेरीचा होता. कर्मचाऱ्यांचे फोन वरून उघडता यावेत म्हणून त्या कचेरीने सॉफ्टवेअरचे पैसेही भरले होते, फक्त या फोनमध्ये ते टाकायचं राहिलं होतं. आणि घाईघाईत एफबीआयच्या सांगण्यावरून खात्याचा पासवर्ड बदलला गेला, त्यामुळे फोनची नक्कल आपोआप मिळण्याचा होता तो रस्ताही बंद झाला. मालक सरकार, तपास करणारं सरकार, आणि बाहेर ताटकळत उभंही सरकारच. बंदोबस्त भक्कम आणि चूक घरचीच, हे मराठवाड्याला नवं नाही. आपल्याकडचा देवगिरी हा अभेद्य किल्ला. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा त्याचे कडे शाबूत होते. धान्य म्हणून वर चढवलेली पोती मिठाची निघाली, असं सांगतात. तटबंदी सगळ्यांनी पाहिली होती, पोत्यात हात कुणी घातला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळता येत नाही. हीच सॉफ्टवेअरं चोरालाही मिळतात. खरं आहे. मग ती पाटी उतरवावी का? चोराच्या धंद्याकडे बघा. त्याला मामांच्या नातवाच्या फोटोत रस नसतो. त्याला फोन पुन्हा चालवायचा असतो किंवा सुटे भाग विकायचे असतात, आणि त्याच्या वाटेत पॅटर्नपेक्षा मोठा अडथळा फोनच्या आयएमईआय क्रमांकाचा आहे. तो क्रमांक बंद करण्याची सीईआयआर ही सरकारी व्यवस्था २०१९ मध्ये महाराष्ट्र-गोव्यापासून सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर आली. क्रमांकात फेरफार केला तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणून चोराला अडवायचं तर कुलूपतोडीच्या पाटीपेक्षा हा क्रमांक कामाचा. पण तिथेही मालकाचीच परीक्षा आधी. क्रमांक फोनच्या खोक्यावर असतो. खोकं आपल्याकडे कुणी फेकत नाही, ते कपाटावर असतंच. त्यात सुई-दोरा, गेल्या वर्षीच्या राख्या आणि डॉक्टरच्या चिठ्ठ्या असतात. क्रमांकाच्या स्टिकरवर कुणीतरी दूधवाल्याचा हिशोब लिहिलेला असतो. बिल मागावं तर ते घेतलेलं नसतं, कारण अठरा टक्के जीएसटी वाचवून दुकानदाराने 'आपल्या माणसाचा' भाव लावलेला असतो. आणि तक्रार नोंदवताना ओटीपी लागतो, तो येतो हरवलेल्या फोनमधल्या सिमवर. आधी दुसरं सिम काढा, त्यावर मेसेज सुरू व्हायला एक दिवस थांबा. तोपर्यंत चोराने फोन उघडला नसला तरी मालक पुरता मिटलेला असतो. जो दुकानदार बिल किंवा खोकं पाहिल्याशिवाय लॉकला हात लावत नाही, तो चोरांना अडवतो हे खरं, पण त्याच्या दुकानातून सर्वाधिक परत जातात ते बिल न घेतलेले प्रामाणिक लोक.

एका ठिकाणी मात्र विनोद थांबतो. घरातला कर्ता माणूस जातो, आणि फोन मागे राहतो. त्यात पीक विम्याचे मेसेज असतात, कुणाला उसने दिले त्याच्या नोंदी असतात, बँकेच्या पासबुकाचे फोटो असतात, आणि त्याचा आवाज असतो. पोरगं फोन घेऊन दुकानात येतं, आणि दुकानदार पहिल्यांदाच भाव सांगत नाही. सॉफ्टवेअर मारलं तर फोन चालू होईल, पण ज्याच्यासाठी चालू करायचा ते सगळं जाईल. ही कंपन्यांची क्रूरता आहे, असं म्हणणाऱ्यांची बाजू मला समजते, पण पूर्ण पटत नाही. मुलासाठी उघडणारं दार सावकारासाठी आणि भाऊबंदांसाठीही उघडलं असतं. शिवाय सोय नाही असंही नाही. आपल्यामागे खातं कुणाकडे जावं हे सांगून ठेवायची व्यवस्था गूगलने २०१३ मध्येच केली, अॅपलने २०२१ च्या अखेरीस. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लावायला आपण तलाठ्याकडे दहा चकरा मारतो. फोनला वारस लावायला एकही चक्कर नको असते, बहुधा म्हणूनच ते काम कुणाला खरं वाटत नाही.

मग करायचं काय, या प्रश्नाचं माझं उत्तर जुनाट आहे. पाटी राहू द्या, बॉक्सही राहू द्या. फक्त नवा फोन विकताना दुकानदाराने जीमेल आणि पासवर्ड बिलाच्या मागच्या बाजूला निळ्या पेनाने लिहून द्यावा, आणि गिऱ्हाइकाने तो कागद दागिन्यांच्या पावत्यांबरोबर पेटीत ठेवावा. पासवर्ड कागदावर लिहू नये, असं सुरक्षेचे जाणकार सांगत आलेत. त्यांना उदगीरच्या माळवदातली लोखंडी पेटी माहीत नसावी. परदेशातला हॅकर तिथवर पोचला तरी पेटीवर बसलेल्या आजीला ओलांडून जाणं त्याला जमायचं नाही. काही शहाणे दुकानदार हे आताही करतात. कागद घडी करून हातात देतात आणि बजावून सांगतात, "मामा, हे जपून ठेवा, हरवू नका." मामाही मान डोलावतात. कागद उलगडून टेबलावर सपाट करतात, हरवायला नको म्हणून नव्या फोनने त्याचा फोटो काढून घेतात, आणि चुरगळून डब्यात टाकतात.